आत फुगायचं नाही

बाई कुठेही गेल्या की आधी बसत नसत. उंबरा ओलांडून दोन पावलं आत आल्या की थांबत. मान डावीकडे वळवत, मग उजवीकडे, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवत काहीतरी मोजत. मग म्हणत, "दोन आहेत. बसा आता."

दोन म्हणजे दारं.

आपल्याकडे माणूस मंगल कार्यालयात शिरला की आधी पंखा कुठं आहे ते बघतो आणि मग पहिली पंगत कधी बसणार ते विचारतो. तुम्हीही तेच करता, मीही तेच करतो. बाई मागचं दार शोधत. धाराशिवातल्या एका लग्नात त्या मागच्या दारापुढं आचाऱ्यानं बुंदीच्या पराती मांडलेल्या होत्या. बाई सरळ त्याच्यापाशी गेल्या.

"भाऊ, एवढं दार मोकळं करा."

"कामून वो मावशी? नवरदेव हिकडून येणार हाय का?"

"नवरदेव नाही. पण सगळ्यांना एकदम बाहेर पडायची वेळ आली तर?"

"जेवल्याबिगर कोण जातंय भाईर?" आचारी म्हणाला. पण पराती हलल्या. बाईंनी सांगितलेलं काम माणसं कुरकुरत करत, पण करत. त्या दिवशी अक्षता पडेपर्यंत बाई त्या दारापाशी राखण केल्यासारख्या उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहिल्यामुळे मला गरम बुंदी सगळ्यांच्या आधी मिळाली.

त्या मूळच्या ढोकीच्या. वडील साखर कारखान्यात होते. लग्न होऊन मुंबईला गेल्या, काही वर्षं विमानात नोकरी केली, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत विमानात काम करणाऱ्या पोरापोरींना शिकवण्याचं काम केलं. यजमान गेल्यावर त्या इकडं परत आल्या आणि धाराशिवात क्लास काढला. बोलणं अगदी शुद्ध, बातम्या देणाऱ्यांसारखं. पण रागावल्या की ढोकीच्या व्हायच्या.

माझी त्यांची ओळख धंद्यातली. मी एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात गाड्यांना पत्रा मारला आणि निवृत्तीनंतर बसस्थानकाच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकलं. एके दिवशी बाई दुकानात आल्या. दुकानाला एकच दार आहे हे बघून त्यांचा चेहरा जरा पडला. मग म्हणाल्या, "मिस्त्री, दार करून पाहिजे."

"शटर का ग्रिल?"

"विमानाचं."

गिऱ्हाइकाला हसायचं नाही, हे मला धंद्यात फार लवकर कळलं होतं. मी गंभीरपणे विचारलं, "विमान कुठं उभं केलंय?"

"तेही तुम्हीच करायचंय," बाई म्हणाल्या.

मग स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. विमान आभाळात बिघडलं आणि खाली उतरायला जमीन नसली, तर ते पाण्यावर उतरवतात. उतरल्यावर ते थोडा वेळ तरंगतं, मग बुडतं. तेवढ्या वेळात आतली सगळी माणसं बाहेर काढायची. ती कशी काढायची, हे बाई शिकवत. पोरीबाळी विमानाच्या नोकरीला लागल्या की त्यांना याची परीक्षा द्यावी लागते, आणि बाईंच्या क्लासात त्याची तयारी होणार होती.

"इथं?" मी म्हणालो. "बाई, आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं."

"म्हणून तर इथं. ज्यांनी पाणी बघितलंय त्यांना शिकवायला कोणीही मिळतं."

गावानं काय म्हणायचं ते म्हटलंच. प्यायला टँकर आणि बाई निघाल्या विमान पाण्यात उतरवायला, असं चहाच्या टपरीवर रोज ऐकू यायचं. खरं सांगतो, त्यात पहिले पंधरा दिवस मीही होतो.

मी भंगारातली एक मिनीबस विकत आणली. तिचे पत्रे कापले, आत सीटच्या चार रांगा बसवल्या, खिडक्या गोल केल्या. क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेत ते विमान उभं राहिलं. दार मात्र मी जीव ओतून केलं. बिजागऱ्या अशा बसवल्या की करंगळीनं ढकललं तरी उघडावं. बाईंनी करंगळीनं ढकललं, दार उघडलं, आणि त्या म्हणाल्या, "जड करा."

"काय?"

"एवढं हलकं विमानाचं दार नसतं. जड करा. पोरींना सगळी ताकद लावायला लागली पाहिजे."

उभ्या आयुष्यात दार जड करून मागणारं ते पहिलं गिऱ्हाईक. मी दोन दिवस फुगून बसलो आणि तिसऱ्या दिवशी दारात लोखंडाच्या पट्ट्या भरल्या.

पहिल्या सरावाला मी हजर होतो. बाईंनी शिट्टी वाजवली, "बाहेर! बाहेर!" असं इंग्रजीत ओरडल्या. पोरी धावल्या, जड दार दोघींनी मिळून उघडलं. मग पहिली पोरगी उंबऱ्यापाशी थांबली, वाकली, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मग उडी मारली. तिच्यामागची पण वाकली. तिच्यामागचीही. आपल्याकडे देवळातून निघताना आणि परगावी जाताना हे सगळ्यांच्या अंगातच असतं, पण इथं मागं सगळं विमान बुडत होतं.

बाई ढोकीच्या झाल्या. "अगं ए! येडाईच्या देवळातनं निघालाव का? तुमच्या पाया पडण्यात मागची चाळीस माणसं मेली की!"

पोरी खाली माना घालून उभ्या राहिल्या. मग बाई जरा निवळल्या. "उंबऱ्यावर उभं राहू नये, असं आजी सांगायची की नाही? तेवढंच ध्यानात ठेवा. पाया घरून निघतानाच पडून या."

त्या फक्त पोरींनाच शिकवत होत्या असं नाही. तुळजापूरची काही वयस्क मंडळी, निवृत्त मास्तर, पुजारी, त्यांच्या बायका, काशीला विमानानं निघाली होती. सगळ्यांचा पहिलाच प्रवास. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि माझ्या विमानात बसवलं. पट्टा कसा लावायचा, कसा काढायचा, पाण्यात तरंगवणारं जॅकेट सीटखालून कसं घ्यायचं, दार आपल्यापासून किती रांगांवर आहे ते हातानं कसं मोजून ठेवायचं, सगळं दाखवलं. मला हट्टी प्रवाशाचं सोंग दिलं होतं. माझं काम एवढंच, की पिशवी छातीशी धरायची आणि "माझी पिशवी! माझी पिशवी!" करायचं. ते मला फार चांगलं जमलं. बाई म्हणाल्या, सोंग वाटतच नाही.

एक पुजारीकाका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, एक शंका. काशीजवळ पाण्यात पडलं म्हणजे गंगेतच पडणार की. मग वाचायची खटपट कशाला?"

"काका, परतीचं तिकीट काढलंय ना?"

"काढलंय."

"मग मोक्ष नंतर घ्या. पैसे वाया जातील."

सगळं विमान हसलं, काका सगळ्यात जास्त. कोणी बाईंना विचारायचं, तुमच्या एवढ्या नोकरीत असं पाण्यात उतरायची वेळ किती वेळा आली? बाई सांगायच्या, एकदाही नाही. समोरच्याचा चेहरा उतरायचा. बाईंचा नाही. त्या म्हणायच्या, "एवढं शिकवलं आणि कुणाला लागलं नाही. अजून काय पाहिजे माणसाला?"

आता सारिकाचं सांगतो, कारण बाईंचं खरं दर्शन मला तिच्यामुळं झालं.

सारिका येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरची. मेंढरांमागं फिरणारं घर. बाप वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन लांब असायचा, घरी आई आणि ही. उंच, काटक पोरगी. येरमाळ्याहून एसटीनं रोज क्लासला यायची. इंग्रजी वाक्यं तिनं ओव्यांसारखी पाठ केली होती. एका विमान कंपनीनं तिला निवडलं आणि हैदराबादला प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा तिच्या बापानं माझ्या दुकानात येऊन मला गुलाल लावला. क्लासातली ती पहिलीच. चहाच्या टपरीवरचं हसणं त्या दिवशी बंद झालं.

आणि महिन्याभरानं सारिका परत आली. बॅग घेऊन बसस्थानकावरून थेट क्लासात. पाण्याच्या परीक्षेत ती नापास झाली होती. कंपनीनं बारा दिवसांनी एक संधी अजून दिली होती. त्यात नापास झाली तर नोकरी गेली, कायमची.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला. "दोरी कुठं ओढलीस?"

"सीटवर."

इथं तुम्हाला जरा सांगायला हवं. विमानातलं जॅकेट न फुगलेलं असतं. लाल दोरी ओढली की ते फटकन फुगतं. नियम असा, की दोरी आत ओढायची नाही. दारातून बाहेर पडतानाच ओढायची. आत ओढली आणि विमानात पाणी भरलं, तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताला नेऊन चिकटवतं. मग खाली बुडी मारून दारापर्यंत जाता येत नाही. जे वाचवायला दिलं तेच मारतं. सारिकाला हा नियम झोपेत विचारला तरी सांगता आला असता.

"नियम माहीत होता ना?"

"व्हता, बाई."

"मग का ओढलीस?"

पोरगी रडायला लागली. "म्या न्हाय ओढली, बाई. हातानं ओढली. दिवे गेले, धूर आला, पाणी पायाला लागलं, अन् हात आपसूक गेला."

बाई तिच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी विचारलं, "पोहायला कुणी शिकवलं तुला?"

"बापानं. हिरीत."

"कसं?"

"कसं म्हंजे? पाठीला डबा बांधून."

मी तिथंच दाराला ग्रीस लावत होतो. माझ्याही पाठीला लहानपणी तेलाचा रिकामा डबा बांधला होता. आपल्याकडं विहिरीत शिकलेल्या सगळ्यांचा पहिला धडा तोच. आधी डबा बांध, दोनदा ओढून बघ, मगच उडी. पाणी दिसलं की आधी तरंगायचं साधन तयार पाहिजे, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. सारिकाच्या हातानं बापाचं ऐकलं होतं.

"विहिरीला दार नसतं," बाई हळूच म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी नियम शिकवला, आणि सवय काय आहे ते विचारलंच नाही."

बाईंना चूक कबूल करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा फार आदर वाटला, आणि त्यांची काळजीही वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सारिकाच्या वस्तीवर गेलो. आईनं चहा केला, पण ती बाईंच्या तोंडाकडं बघेना. शेवटी बोलली.

"विमान वर उडतंय म्हणून धाडली म्या पोरगी. त्याला पाण्याचं काय काम वो? माझी धाकटी बहीण हिरीत गेली. तवापासून म्या हिरीवर पाऊल ठिवलं न्हाय. आता ऱ्हाऊ द्या. नगं ती नोकरी."

बाईंनी वाद घातला नाही. बहिणीचं नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाल्या, "घागर भरून द्याल का?"

घागर आली. बाईंनी पर्समधून एक फुगा काढला. न फुगलेला फुगा पाण्यात सोडला, दोन बोटांनी सहज बाहेर काढला. मग तो पुन्हा आत घालून, तोंड वर धरून, तिथंच फुगवला. गाठ मारली. "आता काढा," असं सारिकाच्या आईला म्हणाल्या. आई ओढायला लागली. फुगा घागरीच्या गळ्याला जाऊन अडकला तो अडकलाच.

आईनं घागरीकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे आत फुगायचं न्हाय. भाईर निघून फुगायचं."

"अगदी बरोबर."

"हे तर नांदायला गेल्यागत झालं. घरात तोंड फुगवायचं न्हाय, काय फुगवायचं ते उंबऱ्याच्या भाईर."

बाई एवढ्या हसल्या की बशीतला चहा सांडला. त्यांनी मुंबईत कितीतरी वर्षं हा नियम शिकवला होता, इतक्या कमी शब्दांत त्यांना कधी सांगता आला नव्हता. त्या दिवसापासून क्लासात तोच नियम झाला. आत फुगायचं नाही.

आई मात्र हसली नाही. "पोरगी न्या. पण मला तळ्यावर बोलवू नगा," म्हणाली.

आता प्रश्न हाताचा होता. बाईंनी मला विचारलं, "मिस्त्री, दोरी ओढली की आवाज होईल असं काही करता येईल?" मी जुन्या सायकलची घंटी काढून जॅकेटला बसवली आणि तिचा खटका लाल दोरीला जोडला. ओढली दोरी, की ट्रिंग.

हुकूम असा होता: सारिकानं दिवसभर ते पिवळं जॅकेट घालून हिंडायचं. कुठल्याही दारातून बाहेर पडताना, एक पाय बाहेर पडल्यावर दोरी ओढायची. आत असताना घंटी वाजली तर त्या दारातून पुन्हा दहा वेळा जायचं. आणि आत असताना बाई तिला घाबरवणार. कधी मागून कागदाची पिशवी फोडायच्या, कधी पायावर गार पाणी ओतायच्या, कधी दिवा घालवून पत्र्यावर हातोडी मारायला मला सांगायच्या.

पहिल्या दिवशी घंटी एवढी वाजली, की शेजारचा दुकानदार दूधवाला आला समजून पातेलं घेऊन बाहेर आला.

पोरगी बँकेत जाई, ट्रिंग. रेशन दुकानातून निघे, ट्रिंग. येडेश्वरीच्या देवळातून निघताना घंटी वाजली, तर बाकीच्यांनीही हात जोडले. सगळ्यात मौज झाली एसटीत. येरमाळ्याच्या स्टँडवर उतरताना तिनं एक पाय खाली टाकला आणि दोरी ओढली. मागं क्लासातली एक पोरगी सोबतीला आलेली, तिनं हौसेनं तीच दोरी पुन्हा ओढली. दोन घंट्या ऐकून ड्रायव्हरनं गाडी हलवली. कंडक्टर ओरडला, "ओ ताई! गाडी तुमी चालवायलाव का म्या?" दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीत तिला खिडकीची जागा राखून ठेवू लागले आणि उतरताना सगळी गाडी एका सुरात म्हणू लागली, "आत फुगायचं न्हाय!"

असा गाव असतो बघा. हसायला पहिला, आणि एकदा आपलं म्हटलं की घंटी मोजायलाही पहिला.

शेवटचे चार दिवस पाण्यात. गावाबाहेरच्या एका द्राक्षबागायतदाराचं शेततळं होतं. तो म्हणाला, "बाई, उन्हाळा हाय. माझं पाणी कमी तर न्हाय होणार?"

"आम्ही पिणार नाही," बाई म्हणाल्या. "भिजून परत देऊ."

शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार फार घसरडा असतो, माणूस आत गेला की वर येणं कठीण. म्हणून बाईंनी आधी दोर बांधून घेतले, शिडी सोडून घेतली, पोहणारे दोघं जण काठावर उभे केले, तोपर्यंत कोणाला पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. मी लोखंडी सांगाडा करून काठाला अडकवला. वर पत्र्याचं छप्पर, चहूबाजूंनी ताडपत्री, आत दोन बाकं, एक दार. आत बसलं की पाणी छातीला लागायचं आणि डोळ्यांपुढं अंधार.

बाई स्वतः साडीवर जॅकेट चढवून तिच्याबरोबर आत बसत. पाय त्यांचे दुखरे, पण पाण्यात उतरल्या की वीस वर्षांनी लहान व्हायच्या.

शेवटच्या दिवशी बाईंनी खरं जॅकेट काढलं. गॅसची नळी असलेलं, फुगणारं, त्यांच्याकडं तेवढं एकच होतं. मी पत्र्यावर हातोडी बडवली. आतून पाणी खळबळलं. आणि सारिका दारातून बाहेर आली, ती अशी, की उजवा हात लाल दोरीवर गेलेला आणि डाव्या हातानं त्या हाताचं मनगट गच्च धरलेलं. पाय बाहेर पडला तेव्हा तिनं मनगट सोडलं. फट्! जॅकेट फुगलं आणि पोरगी बुचासारखी वर आली.

"बाई, हात आजून जातोय," ती काठावर येऊन म्हणाली.

"जाऊ दे. त्याला धरणारा दुसरा हात आला ना?" बाई म्हणाल्या. पण ती गेल्यावर त्या काठावरच बसल्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, नापास झाली तर मी तिच्या आईला काय सांगू?" मी दोर गुंडाळायला लागलो.

परीक्षेच्या दिवशी सारिका तिकडं हैदराबादला, आणि सकाळपासून बाई माझ्या दुकानात. सारिकाची आईही आली, पण आत येईना. बाहेर पायरीवर पदर तोंडाला लावून बसली. मी एक खिडकी उलटीच वेल्ड केली, एवढं सांगितलं म्हणजे माझी अवस्था तुम्हाला कळेल.

दुपारी फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "दोरी कुठं ओढलीस?"

"एक पाय भाईर टाकल्यावर, बाई."

बाईंनी डोळे मिटले. "सांग सगळं."

"दिवे गेले. धूर सोडला. पाणी आलं. माझा हात निघाला, तर म्या त्याला धरला. म्होरं एक पोरगी व्हती, ती वाटंतच थांबली. तिचा हात दोरीवर. म्हणलं ही आता ओढणार, अन् अडकणार, अन् आमी समदे तिच्यामागं. मला माझा हात धरायची सवय झालतीच. म्या तिचा धरला, अन् ओरडले."

"इंग्रजीत?"

"इंग्रजी आठवलंच न्हाय, बाई. म्या ओरडले, 'अगं ए! आत फुगू नगंस! हो भाईर!'"

"त्या मुलीला मराठी येतं?"

"न्हाय. केरळची हाय."

"मग?"

"झाली की भाईर! तिला ढकललं, मग म्या निघाले, अन् मग दोरी ओढली. परीक्षावाले साहेब म्हणाले, पास. दोघी बी पास. अन् इचारलं, हे काय ओरडत होतीस, अन् तुला शिकवलं कुणी."

बाईंनी घसा खाकरला. आवाज कडक केला. "हे बघ सारिका. सूचना इंग्रजीतच द्यायची असते. पुन्हा असं—" आणि तिथं त्यांचा धीर सुटला. कडक आवाज गेला, बातम्यांची भाषा गेली, आणि भर दुकानात, रस्त्यावरची माणसं थांबून बघत असताना, बाई मोठ्यांदा ओरडल्या, "लई भारी केलंस गं माय! लई भारी केलंस!"

मला सांगायला लाज वाटत नाही, मी रडलो. वेल्डिंगचा चष्मा होता म्हणून झाकलं गेलं. बाहेर सारिकाची आई पायरीवरून उठली, आत आली, आणि बाईंचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली.

त्या संध्याकाळी हलगी वाजली. बागायतदारानं बेदाण्याची पेटी पाठवली. एसटीचा तो कंडक्टर ड्युटी संपवून खास आला. चहाच्या टपरीवर सगळ्यात मोठ्यानं हसणारा जो होता, तो दुसऱ्या दिवशी आपल्या पोरीचं नाव घालायला क्लासात येऊन उभा राहिला, आणि बाईंनी त्याला आधी दारं मोजायला लावली.

आता बाई इथं नाहीत. हैदराबादच्या त्याच केंद्रातून त्यांना बोलावणं आलं. तुमची पोरगी ज्या पद्धतीनं शिकली ती आमच्या सगळ्यांना शिकवा, म्हणाले. बाई नाही-होय करत होत्या. आम्हीच त्यांना गाडीत बसवून दिलं. क्लास त्यांच्या दोन जुन्या पोरी चालवतात. बरा चालवतात, पण दुकानात कोणी आल्या आल्या मान वळवून माझ्या एकुलत्या एक दाराकडं नाराजीनं बघत नाही, तेव्हा मला करमत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाई शेवटचं म्हणून तळ्यावर गेल्या होत्या, सामान आवरायला. मी दोर सोडत होतो. तेवढ्यात बांधावरून सारिकाची आई येताना दिसली. एकटीच. काठापासून लांब थांबली. बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला बी उतरवा."

बाईंनी तिला का म्हणून विचारलं नाही. जॅकेट चढवलं, दोर बांधला, शिडीवरून हात धरून खाली नेलं. लुगडं पाण्यावर पसरलं. बाईंनी तिच्या पाठीखाली हात धरला आणि तिला उताणी निजवलं. ती ओठांतल्या ओठांत बहिणीचं नाव घेत होती.

बाईंची एक रीत होती. त्या कधी कुणाला फसवून हात काढत नसत. सांगून काढत.

"मी हात काढू?"

बाई थांबल्या. मीही दोर धरून थांबलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काढा."

बाईंनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून तिला दाखवले. ती तशीच राहिली. कानात पाणी गेलं म्हणून तिला आपला आवाज कळत नव्हता, त्यामुळं ती मोठ्यानं बोलली, एवढ्या मोठ्यानं की बागेतली माणसं काम थांबवून बघू लागली.

"मिस्त्री, फोन लावा पोरीला! म्हणावं, तुझी माय पाण्यावर हाय!"

मी फोन लावला.